हलकी फुल सस्पेन्शन सायकल: आधी चाकं, शेवटी फ्रेम

प्रश्न थोडक्यात असा आहे. सायकल अॅल्युमिनियम फ्रेमची, पुढे-मागे १२० मिलिमीटर ट्रॅव्हलची (म्हणजे सस्पेन्शन तेवढं दबतं), पेडलसकट १३.६ किलो. चालवणाऱ्याचं वजन ७२ किलो. वाटा म्हणजे लांब चढ आणि खडकाळ उतार, वर्षातून एखाद-दुसरी लांब पल्ल्याची शर्यत. सायकल १० किलोच्या आत आणायची आहे. मग कार्बन फ्रेम घेऊन पहिल्यापासून नवी बांधावी, की आहे तीच हलकी करत जावं? आणि पैसे आधी कुठे घालावेत?

आहे तिच्यापासून सुरुवात करा. चाकं, टायर आणि कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) आधी, फोर्क (पुढचं सस्पेन्शन) त्यानंतर, फ्रेम सगळ्यात शेवटी. आणि १० किलोचा आकडा डोक्यातून काढून टाका. तुमच्या वाटांसाठी १०.५ किलोची सायकल ९.९ किलोच्या सायकलपेक्षा चांगली असेल. कारण १०.५ वरून खाली जाताना जे ग्राम कमी करावे लागतात, ते सायकल चालण्यासाठी लागणारे ग्राम असतात. रस्त्यावरच्या शर्यतींच्या सायकलींना यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेची ६.८ किलोची किमान मर्यादा आहे, माउंटन बाइकला तशी मर्यादा नाही. त्यामुळे इथे कुठे थांबायचं हे आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं.

आधी हिशेब करू. तुमचे ७२ किलो, बूट, हेल्मेट, पाणी, हत्यारं मिळून आणखी ४ आणि सायकल १३.६, म्हणजे चढावर सुमारे ९० किलो वर न्यायचे आहेत. चढावरचा वेग कमी असतो, हवेचा विरोध नगण्य असतो, आणि गुरुत्वाकर्षण व टायरची रोधशक्ती दोन्ही एकूण वजनाच्या प्रमाणात वाढतात. म्हणून ३.१ किलो कमी झाले की त्याच ताकदीत सुमारे साडेतीन टक्के वेळ वाचतो. तासाभराच्या चढात दोन मिनिटं. शर्यतीत दोन मिनिटं खूप झाली. पण त्याच हिशेबाने १०० ग्राम म्हणजे तासाला चार सेकंद. साठ ग्राम वाचवणाऱ्या बोल्टसेटवर पैसे घालायचा मोह होईल तेव्हा हा आकडा आठवा.

एवढ्या हिशेबावर थांबलं, तर ग्राम कुठूनही कमी केला तरी सारखाच असं वाटेल. हार्डटेलच्या, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. फुल सस्पेन्शनमध्ये मात्र वजनाचे दोन भाग पडतात. एक भाग स्प्रिंगच्या वर असतो: फ्रेमचा पुढचा त्रिकोण, क्रँक, सीट, हँडल आणि तुम्ही. दुसरा चाकाबरोबर वरखाली होतो: टायर, रिम, हब, कॅसेट, डिरेलर (गिअर बदलणारा भाग), डिस्क, कॅलिपर, फोर्कचा खालचा भाग आणि मागच्या स्विंगआर्मचं थोडंफार वजन. याला अनस्प्रंग वजन म्हणतात. चाक दगडावर आपटलं की हा दुसरा भाग झटक्यात वर फेकला जातो, आणि त्याला थांबवून पुन्हा जमिनीवर आणायचं काम शॉकला करावं लागतं. तो जितका जड, तितकं चाक जमीन सोडून जास्त वेळ हवेत राहतं. चाक हवेत असताना ब्रेक लागत नाही, पकड मिळत नाही, आणि चढावर पेडलचा जोर वाया जातो. दगडांनी भरलेल्या चढावर मागचं चाक टकटक उड्या मारत घसरतं ना, त्यात या वजनाचा मोठा वाटा असतो.

तुमच्या सायकलीत नेमकं हेच वजन जास्त आहे. पाठवलेल्या यादीत कॅसेट स्रॅमची एनएक्स ईगल आहे, ती सुमारे ६१५ ग्रामची. स्रॅम एक्सएक्स१ किंवा शिमानो एक्सटीआरची बारा चक्रांची कॅसेट ३७० ग्रामच्या आसपास असते. मागच्या चाकाच्या अगदी मध्यातून पाव किलो गेला. एवढे पैसे घालायचे नसतील तर जीएक्स ईगल ४५० च्या आसपास आहे, तीही उत्तम. एक गोष्ट मात्र घेण्याआधी पाहा. एनएक्स जुन्या धाटणीच्या एचजी फ्रीहबवर (मागच्या हबचा कॅसेट चढवायचा भाग) बसते, वरच्या स्रॅम कॅसेटला एक्सडी ड्रायव्हर लागतो आणि शिमानोच्या १०-५१ दात्यांच्या कॅसेटला मायक्रो स्प्लाइन. म्हणून कॅसेट आणि चाकं एकाच वेळी ठरवा, नाहीतर फ्रीहब बॉडी दोनदा विकत घ्यावी लागेल. एक्सटीआरमध्ये मोठी तीन चक्रं अॅल्युमिनियमची, मधली पाच टायटॅनियमची आणि लहान चार पोलादी असतात. तुम्ही तासन्‌तास ५१ दात्यांच्या चक्रावर चढणारे असाल तर ते अॅल्युमिनियम लवकर झिजेल. चेन वेळेवर बदलली, म्हणजे ती अर्धा टक्का लांबलेली दिसली की लगेच, तर कॅसेट बराच काळ साथ देते.

आता चाकं. सध्याची २०५० ग्रामची आहेत. कार्बन रिमची टिकाऊ एक्ससी (क्रॉस-कंट्री) चाकं १३५० ते १५०० ग्राममध्ये मिळतात, चांगली अॅल्युमिनियम चाकं १६०० ते १७०० मध्ये. १२०० ग्रामच्या जवळ जाणारी चाकंही मिळतात, पण तुमच्या वाटांवर मी ती घालणार नाही. रिमची आतली रुंदी २८ ते ३० मिलिमीटर असावी, म्हणजे २.३५ ते २.४ इंची टायर नीट आकारात बसतो. पुढे-मागे २८ आरे ठेवा. २४ आऱ्यांनी वाचणारे ग्राम मोजकेच, आणि एक आरा तुटल्यावर चाक इतकं वाकडं होतं की ते फ्रेमला घासतं. सपाट पात्यासारखा आरा, उदाहरणार्थ सॅपिमचा सीएक्स-रे, सव्वाचार ग्रामच्या आसपास असतो, तो वजन आणि टिकाऊपणा दोन्हींत छान आहे. निपल अॅल्युमिनियमचे घ्यायचे की पितळेचे, यावर वाद आहेत. पुढे अॅल्युमिनियम, मागे पितळ असं मी बांधतो. मागच्या चाकावर ताण जास्त आणि चिखल-पाणीही जास्त, त्यामुळे गंजून अडकलेला निपल तिथेच सापडतो.

फिरणाऱ्या वजनाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. रिम आणि टायरचा ग्राम वेग वाढवताना जवळपास दुप्पट मोजला जातो, हे खरं. स्थिर वेगाच्या चढावर मात्र तो एकेरीच मोजला जातो. त्यामुळे हलक्या चाकांनी चढ उडत जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. फरक जाणवेल तो वळणातून बाहेर पडताना, पुढचं चाक उचलून दगडावर ठेवताना आणि वर सांगितलं तसं खडबडीत जागी चाक जमिनीला चिकटून राहताना.

टायरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवावा. तुमच्या टायरमध्ये ट्यूब आहेत. २९ इंची साधी ब्युटाइल ट्यूब २०० ग्रामच्या आसपास, तर प्रत्येक चाकात ८० मिलिलिटर सीलंट (भोक बुजवणारा द्रव) म्हणजे जवळपास ८० ग्राम. ट्यूबलेस केल्याबरोबर पाव किलो गेला, तोही अगदी कमी खर्चात. हे आजच करा, बाकीचं सावकाश. सध्याचे टायर ९०० ग्रामचे आहेत. त्यांच्या जागी ७०० ते ७५० ग्रामचे बसवले की आणखी तीनशे ते चारशे ग्राम जातात. त्याहून खाली जाऊ नका. बाजारात ६०० ग्रामचे टायर आहेत, कागदावर ते सुंदर दिसतात, पण त्यांची बाजू खडकावर चिरते. दुकानात टायर हातात घ्या आणि साइडवॉल अंगठा व तर्जनीत धरून मागेपुढे चोळा. हलक्या केसिंगचा (टायरच्या मूळ थराचा) कापडासारखा पातळपणा लगेच कळतो. आतून जादा थर असलेला, कापाला टिकणारा टायर बोटांत किंचित कडक लागतो आणि सोडल्यावर परत उभा राहतो. तुमच्या वाटांसाठी मागे हा दुसरा, पुढे थोडा हलका चालेल.

शिवाय एक गोष्ट वजनाच्या नादात विसरली जाते. दोन टायरमध्ये १०० ग्रामचा फरक असेल तर चढावर तो अर्ध्या वॉटपेक्षाही कमी पडतो. पण रबराचा मऊपणा, नक्षीची उंची आणि केसिंगची लवचिकता यांमुळे दोन टायरच्या रोधशक्तीत सहज काही वॉटचा फरक पडतो. म्हणजे ५० ग्राम जड पण चांगला पळणारा टायर चढावरही जिंकतो. मॅक्सिस रेकॉन रेस, व्हिटोरिया मेझकाल, श्वाल्बे रेसिंग राल्फ ही या वर्गातली ओळखीची नावं. हवा पुढे १८ ते २०, मागे २० ते २२ पीएसआयपासून सुरू करा आणि एकेक पीएसआयने बदलत जा. रिम दगडाला लागल्याचा आवाज आला तर एक-दोन वाढवा. टायरच्या आत फोमची इन्सर्ट घालून त्यावर अतिशय हलका टायर वापरायची पद्धत आहे, पण इन्सर्टचं वजन धरलं तर वाचत काहीच नाही.

एवढं केलंत की १३.६ ची सायकल साधारण १२.१५ वर येते: ट्यूबचे २४०, कॅसेटचे २४५, टायरचे साडेतीनशे, चाकांचे ६०० ग्राम. यातला प्रत्येक ग्राम अनस्प्रंग आहे. फ्रेमला हात लावलेला नाही, तरी सायकल बदललेली वाटेल. यातला एकही पैसा वाया जात नाही, कारण पुढे फ्रेम बदलली तरी हे भाग तिच्यावर चढतात. फक्त पुढे ११०×१५ आणि मागे १४८×१२ हे बूस्ट माप जुळतंय ना, तेवढं पाहा.

त्यानंतर फोर्क. तुमचा १९५० ग्रामचा आहे. १२० मिलिमीटरचे हलके फोर्क, म्हणजे रॉकशॉक्स सिड किंवा फॉक्स ३४ स्टेप-कास्ट, दीड किलोच्या आसपास भरतात. १०० मिलिमीटरचे, ३२ मिलिमीटर नळ्यांचे फोर्क आणखी दीडशे-दोनशे ग्राम हलके असतात, पण तुमच्या उतारांवर जोराने ब्रेक मारताना त्यांचं लवणं हाताला कळेल. शिवाय २० मिलिमीटरने लहान फोर्क लावला तर हेड अँगल (फोर्कचा जमिनीशी असलेला कोन) जवळपास एक अंशाने उभा होतो, आणि उताराला सायकल बिचकते. १२० च ठेवा. वजनापेक्षा डॅम्पर (सस्पेन्शनची हालचाल आवरणारा आतला भाग) कोणता आहे ते जास्त महत्त्वाचं. त्याच फोर्कची स्वस्त आवृत्ती बाहेरून अगदी सारखी दिसते, आतला डॅम्पर मात्र साधा असतो. दोन्हींतला फरक लांब उतारावर, हात थकल्यावर कळतो. हलक्या सायकलला चांगला डॅम्पर जास्तच हवा, कारण जड सायकलसारखं नुसत्या वजनाने ती दगड तुडवत जात नाही.

मागचा शॉक हवेचाच ठेवा. कॉइलचं, म्हणजे पोलादी स्प्रिंगच्या जड शॉकचं, नाव या बांधणीत काढू नका.

आता फ्रेम. चांगली कार्बन फुल सस्पेन्शन फ्रेम शॉकसकट १.८ ते २.३ किलो असते, तुमची अॅल्युमिनियमची ३.२ आहे. म्हणजे एक किलोच्या वर बचत. पण पैशाच्या मानाने सगळ्यात महाग किलो हाच, आणि तो स्प्रिंगच्या वरचा. म्हणून शेवटी. फ्रेम निवडताना उत्पादकाच्या आकड्यावर विसंबू नका. तो बहुधा लहान मापाचा, कधी शॉकशिवाय, कधी अॅक्सल आणि सीट क्लॅम्पशिवाय मोजलेला असतो, आणि पूर्ण सायकलचं वजन तर जवळपास नेहमीच पेडलशिवाय दिलेलं असतं. सरळ विचारा: माझ्या मापात, शॉक, अॅक्सल, हँगर, सगळं धरून किती?

मागच्या रचनेत १०० ते १२० मिलिमीटरसाठी फ्लेक्स-स्टे मला सगळ्यात पटते. तिच्यात मागच्या अॅक्सलजवळचा पिव्हट (फिरणारा सांधा) नसतोच. सीटस्टेचा कार्बन ठरवून पातळ केलेला असतो आणि तोच काही अंश लवतो. बेअरिंग, बोल्ट आणि त्यांच्याभोवतीचा जाड कार्बन एवढं सगळं वाचतं, तेही अनस्प्रंग भागातून, आणि देखभालही कमी होते. ट्रॅव्हल वाढला की स्टेला फार लवावं लागतं, म्हणून लांब ट्रॅव्हलच्या सायकलींत ही रचना क्वचितच दिसते. तिथे हॉर्स्ट लिंकसारखे चार सांधेच बरे. छोट्या ट्रॅव्हलची फुल सस्पेन्शन शर्यतीत मागे पडते हा जुना समज आता उरलेला नाही. स्विस सायकलपटू निनो शुर्टरने २०१६ चं रिओ ऑलिम्पिक सुवर्ण फुल सस्पेन्शनवरच जिंकलं.

फ्रेमला यूडीएच हँगर (डिरेलर टांगायचा प्रमाणित तुकडा) असेल तर बरं, तुटला तर कुठेही मिळतो. आटे असलेला बॉटम ब्रॅकेट (क्रँकचं बेअरिंग) असेल तर आणखी बरं. दाबून बसवायच्या ब्रॅकेटने वाचणारे थोडे ग्राम पुढे कुरकुरीच्या आवाजात परत मिळतात. आणि केबली हेडसेटमधून जाणारी फ्रेम शक्यतो टाळा. वरचं बेअरिंग बदलायला ब्रेकची नळी सोडावी लागते.

सगळे भाग मिळून हिशेब असा बसतो. फ्रेम शॉकसकट २१००, फोर्क १५००, हेडसेट ९०, चाकं टेप आणि व्हॉल्व्हसकट १४८०, टायर १४४०, सीलंट १६०. क्रँक आणि पुढचं चक्र ५६०, ब्रॅकेट ८०, कॅसेट ३७०, चेन २५०, डिरेलर २६०, शिफ्टर केबलसकट १५०. ब्रेक ४३०, डिस्क २४०, हँडल आणि स्टेम २९०, ग्रिप ६०, ड्रॉपर (चालवताना खाली-वर करता येणारा सीटपोस्ट) लिव्हरसकट ४८०, सीट १७०, पेडल ३१०. वर बारीकसारीक ८०. बेरीज १०.५ किलो. प्रत्येक भाग आला की स्वतः काट्यावर ठेवा आणि वहीत लिहा. छापील आणि खऱ्या वजनातला फरक बेरजेत पाव किलोपर्यंत सहज जातो.

या यादीतून १० खाली जायचं तर पहिला डोळा ड्रॉपरवर जातो. साधा कार्बन सीटपोस्ट लावला तर ३०० ग्राम वाचतात, म्हणजे तासाच्या चढात बारा सेकंद. खडकाळ उतारावर सीट खाली नसेल तर एवढा वेळ एका अवघड टप्प्यात जातो, आणि तोल जातो तो वेगळाच. ड्रॉपर ठेवा. पुढची डिस्क १८० चीच ठेवा. १६० ने वीस-तीस ग्राम वाचतात, पण लांब उतारावर ती तापते आणि ब्रेकचा जोर गळतो. टायटॅनियम बोल्ट बाटलीच्या स्टँडला, लिव्हरच्या क्लॅम्पला लावायचे तर लावा, अँटी-सीझ पेस्ट लावून. अॅल्युमिनियमचे बोल्ट स्टेमला, ब्रेक कॅलिपरला किंवा पिव्हटला कधीही नकोत. ते इशारा न देता तुटतात.

जोडणीत फुल सस्पेन्शनच्या काही खास गोष्टी आहेत. फ्रेम हातात आली की आधी शॉकचा एक बोल्ट काढा, चाक न लावता मागचा त्रिकोण हाताने पूर्ण वरखाली करा. सांध्यांची फ्रेम असेल तर तो स्वतःच्या वजनाने हळूच खाली यायला हवा. कुठे अडला, घासला किंवा शेवटी एकदम जड झाला, तर एखादा पिव्हट जास्त आवळलाय किंवा बेअरिंग तिरकं बसलंय. फ्लेक्स-स्टेमध्ये थोडा स्प्रिंगसारखा विरोध जाणवणं साहजिक आहे, पण तोही दोन्ही बाजूंना सलग असावा. पिव्हटचे बोल्ट फ्रेमवर लिहिलेल्या टॉर्कनेच, निळ्या थ्रेडलॉकसह (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव). टॉर्क रेंच नसेल तर हे काम सुरूच करू नका. स्टेमचे बोल्ट साधारण ५ न्यूटन-मीटर, कॅसेटचा लॉकरिंग ४०. ही माणसाच्या अंदाजात बसणारी मापं नाहीत. कार्बन हँडल आणि सीटपोस्टला ग्रीस नको, कार्बन पेस्ट लावा.

चेनची लांबी ठरवताना शॉकमधली हवा पूर्ण सोडा. सस्पेन्शन दाबलं जाताना मागचा अॅक्सल क्रँकपासून दूर जातो, आणि तो सगळ्यात दूर असताना चेन सर्वांत मोठ्या चक्रावर पुरायला हवी. सायकल दाबून तो बिंदू शोधा, चेन डिरेलरमधून न घेता पुढच्या आणि मागच्या मोठ्या चक्रावरून गुंडाळा, मग उत्पादकाने सांगितलेल्या कड्या वाढवा. स्टँडवर टांगून मापलेली चेन पहिल्याच मोठ्या दगडावर डिरेलर मोडू शकते. हवा सोडलेलीच आहे तोवर सायकल पूर्ण दाबून मागचा टायर सीट ट्यूबला किंवा खाली केलेल्या सीटला लागत नाही ना ते पाहा. आणि मुख्य पिव्हटजवळ मागच्या ब्रेकची नळी ताणली जात नाही, चिमटली जात नाही, याची खात्री करा. नळी कापायची ती यानंतर.

मग हवा भरा. १२० मिलिमीटर ट्रॅव्हलला शॉकचा स्ट्रोक ४५ असेल तर लीव्हरेज (ट्रॅव्हल भागिले स्ट्रोक) २.६७ पडतो. २५ टक्के सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर सस्पेन्शन दबतं तेवढं माप, म्हणजे स्ट्रोकवर ११ मिलिमीटर. पूर्ण कपडे, बूट आणि पाणी घेऊन सीटवर बसून मोजा. पुढे २० टक्क्यांपासून सुरू करा. ओळखीच्या उतारावर सगळा ट्रॅव्हल वारंवार संपत असेल आणि सॅग बरोबर असेल, तर हवा वाढवण्याआधी एक व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारा तुकडा) घाला. जुन्या सायकलचे आकडे नव्या फ्रेमवर चालणार नाहीत, लीव्हरेज वेगळा असतो.

पहिल्या तीन-चार फेऱ्यांनंतर सगळे पिव्हट, क्रँक आणि स्टेम परत टॉर्क रेंचने तपासा, आणि आऱ्यांचा ताणही पाहा, नव्या चाकांचे आरे सुरुवातीला थोडे सैलावतात. फोर्कच्या खालच्या नळ्यांतलं तेल ५० तासांनी बदला. हलक्या फोर्कमध्ये ते मुळातच थोडं असतं, आणि ते काळं पडलं की हाताला बसणारे धक्के आधी वाढतात, नळीवरचे ओरखडे नंतर दिसतात.